पऱ्हाट्यांचा जाळ आवरावा कसा?

कपाशीची शेवटची वेचणी झाली, की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगाव, पाथर्डी, नेवासे भागात पऱ्हाट्या उपटून घराकडे येतात. तुराट्याही पुष्कळ असतात. घरात गॅस आला तरी भाकरीला आणि आंघोळीच्या पाण्याला चूल लागतेच. हे जळण फुकटचे, खडखडीत वाळलेले आणि चटकन पेटणारे. म्हणूनच ते हाताबाहेर जाते. मूठभर पऱ्हाट्या सारल्या की जाळ तव्याच्या कडेने वर येतो. बाजरीची भाकरी वरून करपते, आत कच्ची राहते. घर पाचटाने शाकारलेले असेल, तर एक ठिणगी काय करते हे तुम्हाला सांगायला नको.

लाकूड तापले की त्यातून आधी वायू निघतो, आणि तो पेटला म्हणजे ज्वाला दिसते. बाभळीच्या जाड लाकडातून हा वायू सावकाश निघतो. बारीक काड्यांना सगळीकडून हवा लागते, त्यामुळे तो एकदम निघतो व भडका होतो. त्यातली बरीच धग भांड्याला न लागता वाया जाते. साध्या चुलीत तशीही लाकडातील उष्णतेचा दहा-पंधरा टक्केच भाग भांड्याला मिळतो.

म्हणून जाळ आवरायचा तो जळण घालतानाच. खाली बाभळीचे एक जाड लाकूड ठेवावे आणि वरून दोन-तीनच पऱ्हाट्या, त्यांचे शेंडे तेवढे आत जातील अशा सारीत जाव्यात. जाळ वाढला की त्या मागे ओढाव्यात. चुलीत लोखंडी जाळी बसवली असेल तर पऱ्हाट्या जाळताना ती काढून ठेवावी. जाड लाकडाला ती उत्तम, पण काड्यांना खालून वारा घालते. वैल उघडा ठेवू नये, त्यावर भांडे असावे. जाळ मंदावा म्हणून काही घरांत मुद्दाम ओले लाकूड घालतात. मला हा उपाय मुळीच पसंत नाही. त्याने डोळे जातात, छाती भरते आणि धुराड्यात काजळी साठते.

धुराड्याची गोष्ट वेगळी आहे. केंद्र सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू केला, तो २००२ पर्यंत चालला. त्या काळात धुराड्याच्या चुली गावोगाव बसल्या, काही अजून आहेत. धुराडे जितके तापते तितकी हवा जोराने ओढते, आणि जाळ आणखी वाढतो. अशा वेळी चुलीच्या तोंडाशी पत्रा किंवा वीट आडवी लावून हवा कमी करावी. धुराड्याला झडप असेल तर ती थोडी लोटावी. मात्र निखारे असेपर्यंत पूर्ण बंद करू नये. निखाऱ्यांचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो.

काजळी पंधरा दिवसांनी झाडावी. तीच पेटली तर धुराडे घुमू लागते. तेव्हा आधी लेकरे व म्हातारी माणसे बाहेर काढावीत. जळण ओढून घ्यावे, वैलावर झाकण ठेवावे, चुलीचे तोंड पत्र्याने व ओल्या मातीने बंद करावे. पाणी छपरावर मारावे, धुराड्यात नव्हे. तापलेला पाइप तडकतो. कढईतले तेल पेटले तरीही पाणी नको, वर झाकण टाकावे.

जाता जाता शेतीचे एक. किडक्या बोंडांसकट पऱ्हाट्या रचून ठेवल्या, तर त्यांत गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या कपाशीवर येते. बोंडे आधी झोडून जाळावीत. गंजी घरापासून लांब घालावी आणि चुलीजवळ एका वेळच्या स्वयंपाकापुरत्याच काड्या आणाव्यात.