गर्भिणी, श्रम आणि व्यायाम : पापडीच्या संदर्भात काही विचार

गर्भारपणातील व्यायामाविषयी स्त्रियांचे मत अजमावताना ‘आपण व्यायाम करता काय?’ असा प्रश्न बहुधा विचारला जातो. उत्तर नकारार्थी आले, की अज्ञान किंवा भीती हे त्याचे कारण मानले जाते. हे अनुमान तपासून घेणे अवश्य आहे.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील पापडीचे उदाहरण घेऊ. केळी, फुले व भाजीपाला यांच्या वाड्या हे या पट्ट्याचे जुने वैशिष्ट्य होय. वाडीत राबणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने खुरपणी करणे, पाणी भरणे, पाटी वाहणे हे ‘काम’ आहे, व्यायाम नव्हे. दोन जिवांच्या बाईने जपून राहावे, हा वडीलधाऱ्यांचा उपदेश अशा जीवनात निराधार म्हणता येत नाही. शोभा राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पुण्याजवळील खेड्यांतील अभ्यासात घरकाम व शेतकाम यांचा भार अधिक असलेल्या मातांची अर्भके जन्मतः लहान आढळली.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही गर्भिणीस व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. परंतु त्याच यादीत दिवसा झोपणे हेही येते. विश्रांतीचा आग्रह धरताना या दुसऱ्या निषेधाची आठवण क्वचितच काढली जाते.

आधुनिक वैद्यकही प्रारंभी सावधच होते. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने १९८५ मध्ये गर्भिणीच्या नाडीच्या ठोक्यांना मिनिटास १४० ही मर्यादा घातली. १९९४ मध्ये ती काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये, वैद्यकीय अडचण नसल्यास, आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम शारीरिक हालचालीची शिफारस केली. तिच्यामुळे गर्भकालीन मधुमेह व रक्तदाब यांचा धोका कमी होतो.

पापडी आता वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. वाडीतील श्रम ज्यांच्या वाट्यास येत नाहीत, अशा बैठ्या कामाच्या स्त्रियांनाही तोच जुना उपदेश मिळतो. गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहून थकवा येतो, व्यायाम घडत नाही. ‘आराम कर’ हे वाक्य एकीचे रक्षण करते, तर दुसरीस आवश्यक हालचालीपासून वंचित ठेवते.

म्हणून प्रश्नावलीत श्रम व व्यायाम यांची पृथक् नोंद हवी : स्त्री किती वेळ उभी असते, किती ओझे उचलते, स्वतःसाठी चालावयास तिला सवड मिळते काय, आणि घरात याचा निर्णय कोण घेते. तिच्या दिवसाचा हा हिशेब मांडल्यावाचून तिच्या ‘दृष्टिकोना’विषयी काढलेला निष्कर्ष अपुरा राहील, आणि त्यावर आधारलेला सल्ला श्रमाने थकलेल्या स्त्रीवर आणखी एक ओझे मात्र लादील.