एकमार्गी प्रचरण विश्लेषण

एकमार्गी प्रचरण विश्लेषण : तीन किंवा अधिक गटांच्या माध्यांत (सरासऱ्यांत) आढळणारा फरक खरा आहे की निव्वळ यदृच्छ चढउतारामुळे दिसत आहे, हे एकाच कसोटीने ठरविण्याची संख्याशास्त्रीय पद्धती. गट एकाच घटकानुसार पाडलेले असल्यामुळे तिला ‘एकमार्गी’ म्हणतात. तुलना माध्यांची असूनही नावात प्रचरण (माध्यापासूनच्या विचलनांच्या वर्गांची सरासरी) येते. कारण दोन माध्यांतील अंतर मोठे की लहान, हे त्या गटांतील निरीक्षणे किती विखुरलेली आहेत यावरच ठरते.

ही पद्धती शेतीच्या प्रयोगांतून जन्मली. रॉनल्ड एल्मर फिशर (१८९०–१९६२) यांनी ‘प्रचरण’ ही संज्ञा १९१८ मध्ये योजिली व इंग्लंडमधील रॉदॅमस्टेड येथील कृषी प्रयोगकेंद्रात १९१९ पासून काम करीत असताना विश्लेषणाची रीत सिद्ध केली. बटाट्याचे वाण व खते यांवरील त्यांचा मॅकेंझी यांच्यासमवेतचा निबंध १९२३ मध्ये आणि संशोधकांसाठी लिहिलेला त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९२५ मध्ये प्रकाशित झाला. भारतात इंदूर येथे कपाशीवर काम केलेले वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे (१९११–९७) यांच्या स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स (१९५४) या ग्रंथामुळे ती कृषी संशोधकांच्या नित्य वापरात आली.

विदर्भातील कपाशीचे पीक बव्हंशी कोरडवाहू आहे. नागपूरच्या आसपास एकाच शेतात उताराच्या वरच्या अंगास उथळ बरडी व खरडी, तर नाल्याकडे खोल काळी जमीन असू शकते, आणि पाऊस थांबल्यानंतर जमिनीत टिकणारी ओल या खोलीवर अवलंबून असते. अशा ठिकाणी एका वाणाचे उत्पन्न दुसऱ्याहून अधिक आले, तर श्रेय बियाण्याचे की मातीचे? नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या (स्थापना १९७६) संस्थांतील वाणांच्या चाचण्यांपुढे हा प्रश्न कायम असतो. त्याच्या उत्तरावर शिफारस अवलंबून असते आणि शिफारशीवर शेतकऱ्याचा हंगाम.

समजा, क, ख व ग हे तीन वाण प्रत्येकी पाच वाफ्यांत लावले आणि सरकीसह कापसाचे उत्पन्न (किग्रॅ.) पुढीलप्रमाणे आले (आकडे कल्पित आहेत) : क – १०, १२, ११, १३, १४, ख – १३, १५, १५, १६, १६, ग – ९, १२, १३, १२, १४. माध्ये अनुक्रमे १२, १५ व १२ आणि सर्व पंधरा वाफ्यांचे माध्य १३ आहे. प्रत्येक निरीक्षणाचे १३ पासूनचे विचलन घेऊन वर्ग केल्यास त्यांची बेरीज ६० येते. या बेरजेचे दोन भाग पडतात. वाणांची माध्ये १३ पासून जेवढी दूर आहेत त्यामुळे आलेला गटांमधील भाग ५ × (१ + ४ + १) = ३० असून, वाफे आपापल्या वाणाच्या माध्यापासून दूर असल्यामुळे आलेला गटांतर्गत भाग १० + ६ + १४ = ३० आहे. दोन्ही भाग समान दिसले, तरी पहिल्यामागे ३ – १ = २ आणि दुसऱ्यामागे १५ – ३ = १२ स्वातंत्र्यमात्रा आहेत. त्यांनी भागल्यावर माध्य वर्ग १५ व २.५ मिळतात. यांचे गुणोत्तर ६ होय. फिशर यांच्या सन्मानार्थ स्नेडेकॉर यांनी १९३४ मध्ये या गुणोत्तरास ‘एफ’ हे अक्षर दिले.

वाणांत मुळात काहीच फरक नसेल (या विधानास शून्य गृहीतक म्हणतात), तर दोन्ही माध्य वर्ग एकाच यदृच्छ प्रचरणाचे अंदाज ठरतात व गुणोत्तर १ च्या आसपास राहते. २ व १२ स्वातंत्र्यमात्रांसाठी कोष्टकातील मर्यादा ५ टक्के पातळीवर ३.८९ व १ टक्का पातळीवर ६.९३ आहे. म्हणून येथील फरक पहिल्या पातळीवर लक्षणीय ठरतो, दुसऱ्या पातळीवर नाही. ६ किंवा त्याहून मोठे गुणोत्तर केवळ योगायोगाने येण्याची संभाव्यता १/६४ आहे. ही ‘वाण सारखे असण्याची’ संभाव्यता नव्हे. छापील अहवालांतही हा घोटाळा आढळतो.

दोन-दोन वाणांची स्वतंत्र तुलना करीत गेल्यास चुकीच्या निष्कर्षाचा धोका वाढतो. सहा वाणांच्या १५ जोड्या होतात. त्या परस्परनिरपेक्ष असत्या, तर ५ टक्के पातळीवर निदान एक खोटा फरक ‘सापडण्याची’ संभाव्यता सु. ५४ टक्के झाली असती. जोड्या तशा नसल्याने ती प्रत्यक्षात कमी असते, तरी ५ टक्क्यांच्या कित्येक पट राहते. एफ कसोटी हा धोका आवरते. मात्र कोणता वाण वेगळा, हे ती सांगत नाही. ती लक्षणीय ठरल्यावर भारतीय कृषी अहवालांत क्रांतिक अंतर देण्याची प्रथा आहे. वरील उदाहरणात ते २.१८ किग्रॅ. येते, ख हा क व ग यांहून ३ किग्रॅ. पुढे असल्याने दोहोंपेक्षा सरस ठरतो.

हे सर्व गणित वाफ्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून किंवा यदृच्छ अंकांच्या कोष्टकाने झाली असेल तरच अर्थपूर्ण असते. ख चे पाचही वाफे नाल्याकाठी पडले असतील, तर मातीचा गुण बियाण्याच्या नावे जमा होतो आणि कोणतेही सूत्र तो वेगळा काढू शकत नाही. उतार आधीच ठाऊक असल्यास जमिनीचे एकसारखे खंड पाडून प्रत्येक खंडात सर्व वाण लावावेत. मग विश्लेषण एकमार्गी न राहता खंडांचे प्रचरण वेगळे काढता येते. एकाच वाफ्यातील पाच झाडे मोजणे ही पुनरावृत्ती नव्हे, याकडेही बरेचदा दुर्लक्ष होते. त्या पाच झाडांची माती एकच असते.

निरीक्षणे परस्परनिरपेक्ष, प्रत्येक गटातील वंटन जवळपास प्रसामान्य आणि गटांची प्रचरणे सारखी असावीत, ही या पद्धतीची गृहीते आहेत. गटांतील निरीक्षणांची संख्या समान असल्यास शेवटच्या दोहोंपासून थोडी फारकत चालते. बोंडअळ्यांच्या गणनेत मात्र माध्याबरोबर प्रचरणही वाढते, म्हणून विश्लेषणापूर्वी संख्यांची वर्गमुळे घेतात. फरक लक्षणीय ठरला तरी तो फायद्याचा असेलच असे नाही. धाग्याची लांबी, वेचणीची मजुरी व बाजारभाव यांचा विचार एफ गुणोत्तरात होत नाही.