शेवटचे कडवे कुणी कापले?

१४ एप्रिल जवळ आला की आमच्या वस्त्यांत एकाच विषयावर दोन तट पडतात. जुनी मंडळी म्हणतात, डीजे बंद करा, त्या वर्गणीत पुस्तके घ्या. पोरे म्हणतात, वर्षभर मान खाली घालून राबतो, एक दिवस तरी छाती दणाणू द्या. दोन्हीकडचे कार्यकर्ते आमच्याकडे येतात आणि खरे सांगायचे तर दोघांचेही आम्हांला थोडे थोडे पटते. आज त्या भांडणात आम्ही तेल ओतणार नाही. आज लिहायचे आहे ते लंडनहून निघालेल्या एका अल्बमविषयी. जयंतीचा आणि लंडनचा संबंध काय, असे वाचक विचारतील. जरा दम धरावा.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या ‘फॅब्रिक’ या नाइट क्लबने ‘फॅब्रिकलाइव्ह १००’ हा अल्बम काढला. २००१ पासून चाललेल्या मालिकेतला हा शंभरावा आणि शेवटचा. तो दोघांनी मिळून रचला, कोड नाइन आणि बरिअल. दोन्ही टोपणनावे. कोड नाइन म्हणजे स्टीव्ह गुडमन, मूळचा ग्लासगोचा, ‘हायपरडब’ या कंपनीचा संस्थापक. आवाजाचा शस्त्र म्हणून वापर कसा होतो, यावर त्याने २०१० साली ग्रंथच लिहिला आहे. बरिअल म्हणजे विल्यम बेव्हन. हा माणूस इतका पडद्याआड राहिला, की २००८ पर्यंत त्याचे खरे नावही लोकांना ठाऊक नव्हते.

या दोघांनी अल्बमभर आपली गाणी लावलेली नाहीत. दुसऱ्यांच्या रचना निवडून, एकीची शेपटी दुसरीच्या तोंडात देत त्यांनी एक सलग प्रवाह केला आहे. त्यात शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतले ‘फुटवर्क’ आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या टाउनशिपमधले ‘गकोम’ आहे, लंडनचे ‘जंगल’ आहे. मध्येच ताल सुटतो, नुसती खरखर आणि कुजबुज उरते, मग पुन्हा खालून बेसचा धक्का येतो. पहिल्यांदा ऐकताना आमचे डोके दुखले, हेही कबूल करतो. दुसऱ्यांदा मोठ्या बॉक्सवर ऐकले तेव्हा उलगडा झाला. हे संगीत आधी छातीला कळते आणि मग कानाला. फॅब्रिक क्लबच्या मुख्य दालनात तर नाचायच्या जमिनीखालीच बेस हलवणारी यंत्रे बसवली आहेत. तिथे पायांनी ऐकायचे!

हा बेस आला कुठून? तो लंडनच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जन्मला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जमैकातल्या किंग्स्टन शहरात गरिबांना नाचघराचे तिकीट परवडत नसे. मग तिथल्या लोकांनी मोठमोठे बॉक्स बांधून भर रस्त्यात लावले. त्याला ‘साऊंड सिस्टिम’ म्हणत. किंग टबी हा मूळचा रेडिओ-अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्याने तयार गाण्यातला गायकाचा आवाज काढून, ढोल आणि बेस पुढे आणून, प्रतिध्वनी सोडून ‘डब’ नावाचा प्रकार घडवला. म्हणजे एका मेकॅनिकने साऱ्या जगाचे संगीत बदलले. पण त्याची गणना विद्वानांत कोण करतो?

१९४८ च्या जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाज इंग्लंडला लागले आणि त्यानंतर हजारो कॅरिबियन माणसे मजुरीसाठी तिकडे गेली. त्यांना घर भाड्याने मिळेना, क्लबचे दार उघडेना. मग त्यांनी तळघरांत आपलेच बॉक्स लावले. ‘जंगल’ आणि ‘डबस्टेप’ ही त्याच तळघरांची नातवंडे. आणि पोलीस? लंडनच्या पोलिसांनी २००५ साली ‘फॉर्म ६९६’ काढला. कार्यक्रम करणाऱ्याने कलावंतांची नावे-पत्ते आधी द्यायचे, आणि सुरुवातीच्या नमुन्यात तर प्रेक्षक कोणत्या वंशाचे येणार, हेही लिहायचे! टीका झाली, वंशाचा प्रश्न गेला, पण फॉर्म पुरता रद्द व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. कायदा सर्वांना सारखा, पण नोटीस आधी कुणाच्या दारावर चिकटते, हे आमच्या मंडळांच्या पोरांना वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉईस यांना पत्र लिहून निग्रोंच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतले साम्य दाखवले होते. पण इथे एक फरकही ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेत १७३९ साली साऊथ कॅरोलिनात गुलामांनी ढोल वाजवीत बंड केले आणि १७४० च्या कायद्याने त्यांचा ढोल हिरावला गेला. आमच्याकडे उलटे झाले. हलगी-डफडे आमच्या गळ्यात गावकीने बांधले. वरात त्यांची, वाजवणारे आम्ही, आणि मोबदला शिळ्या भाकरीचा. म्हणून धम्मक्रांतीच्या वाटेवर अनेक गावांत आमच्या बापजाद्यांनी ते वाद्य स्वाभिमानाने खाली ठेवले. आज तीच नातवंडे स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या बापासाठी बॉक्स लावतात, हा बदल लहान नाही. डीजेला सरसकट शिव्या देणाऱ्या आमच्या ज्येष्ठांनी एवढे तरी मान्य करावे. म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या कानाचा प्रश्न मात्र खरा आहे, तोही पोरांनी ऐकावा.

आता मुद्द्यावर येतो. फॅब्रिकच्या अल्बमबरोबर रचनांची यादी छापलेली आहे. कोणता तुकडा कुणाचा, हे नावानिशी. परवानगी घेऊन, हक्कदाराला विचारून असा अल्बम काढावा लागतो. ही चांगली रीत आहे. पण तिथेही सगळे आलबेल नाही. ‘जंगल’ संगीताचा पाया म्हणजे सहा-सात सेकंदांचा एक ढोलाचा तुकडा. १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या एका रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला तो होता. वाजवणारा ग्रेगरी कोलमन, कृष्णवर्णीय ढोलवादक. तो तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला, त्यावर कंपन्या उभ्या राहिल्या. कोलमनला एक छदामही मिळाला नाही. २००६ मध्ये तो बेघर अवस्थेत मेला. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी करून सुमारे २४ हजार पौंड वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले, तेव्हा कोलमनला जाऊन नऊ वर्षे झाली होती.

हे वाचून आम्हांला वामनदादा कर्डक आठवले. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, १५ मे २००४ ला निर्वाण. गावोगाव पायपीट करून गाणी लिहिली, गायली. आमचे शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफतात. ती हौस नव्हे. ज्यांच्या नावावर सात-बारा नाही, छापखाना नाही, त्यांची ती सही आहे. चोखोबांनी अभंगात नाव घातले म्हणून ते सहाशे वर्षांनीही पुसले गेले नाही. आणि डीजेच्या मिक्समध्ये काय होते? धृपद घेतात, एखादे जोरकस कडवे घेतात, बेस टाकतात आणि पुढच्या गाण्यावर उडी मारतात. नावाचे कडवे शेवटी असते, तेच पहिल्यांदा कापले जाते. हे कुणा मनुवाद्याने केलेले नाही. आमच्याच गाडीवर, आमच्याच झेंड्याखाली होते.

एका जयंतीला आम्ही साऊंडवाल्या पोराजवळ उभे राहिलो आणि विचारले, “बाळा, हे गाणं कुणाचं?” तो म्हणाला, “काका, भीमगीत आहे.” “ते कळलं रे. लिहिलं कुणी?” त्याने लॅपटॉपवर फाईल दाखवली. तिचे नाव होते ‘जयंती मिक्स ७’. मूळ गाणे त्याच्याकडे होते, अखेरपर्यंत. आम्ही शेवटचे कडवे लावायला सांगितले. त्याने बेस खाली घेतला. मिरवणुकीतल्या दोन-चार म्हाताऱ्या मान वर करून गाडीकडे पाहू लागल्या, त्यांना ते कडवे पाठ होते. पोराने कान देऊन नाव ऐकले आणि विचारले, “काका, यांची अजून गाणी कुठं मिळतील?”