घोरणारा प्रत्येक माणूस झोपलेला नसतो



उसाच्या माणसाने डॉक्टरी विषयावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. कारण असे, की विषबाधा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पिकावरचे औषधच येते. तोंडाला फेस, लाळ, घाम, अंगाची थरथर ही लक्षणे शेतकऱ्याला ठाऊक आहेत. ती दिसली की घर धावत सुटते. झोपेच्या गोळ्या जास्त पोटात गेल्या तर असे काही दिसत नाही. माणूस निवांत घोरत पडलेला दिसतो. घरची म्हणतात, "दमलाय, झोपू दे की." यातच मोलाचे तास जातात.

डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम ही नावे आता खेड्यातल्या फळीवरही सापडतात. या गोळ्या मेंदूचे काम मंद करतात. प्रमाण सुटले की गुंगी वाढत जाते आणि श्वासही मंदावू शकतो. गोळीवर दारू झाली, किंवा ट्रामाडॉलसारखी जबर दुखीची गोळी अथवा कोडीनचे खोकल्याचे औषध पोटात गेले, तर धोका कैक पटीने वाढतो. म्हाताऱ्या माणसाने सकाळची गोळी विसरून पुन्हा घेतली, एवढ्यानेही कधी गुंगी चढते.

लक्षणे साधारण या क्रमाने दिसतात:

१) बोलणे जड होते, तोल जातो, माणूस प्यायल्यासारखा वागतो.

२) बोलता बोलता डोळे मिटतात, हाक मारली की उघडतात, पुन्हा मिटतात.

३) मोठ्याने हाक मारून, खांदा हलवूनही जाग येत नाही. अंग सैल पडते.

४) घोरणे घरघरते, मध्येच थांबते. जीभ मागे पडून श्वासाची वाट अडत असल्याची ही खूण आहे.

५) ओठ व नखे निळसर होतात, अंग गार पडते.

घड्याळ लावून एक मिनिट छातीची हालचाल मोजा. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो. तो १० च्या खाली आला, किंवा माणूस हलवूनही जागा होत नसला, तर सकाळची वाट पाहू नये. मधुमेहाच्या माणसाची साखर उतरली किंवा डोक्याला मार लागला, तरी असेच दिसते. त्यालाही दवाखानाच लागतो.

काय करावे? १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर माणसाला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनळीत जाणार नाही. एकाने सतत जवळ बसावे. श्वास थांबला तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे. रिकामी पाकिटे, बाटली, चिठ्ठी बरोबर घ्या. तालुक्याचे सरकारी रुग्णालय असो की सोलापूरचे सिव्हिल, जे जवळ असेल ते गाठा.

काय करू नये? मिठाचे पाणी, लिंबू, ताक, कॉफी काहीही पाजू नये. बोटे घालून उलटी काढू नये. गुंगीतल्या माणसाला गिळता येत नाही. पाजलेले फुफ्फुसात जाते.

आणखी एक. मुद्दाम गोळ्या घेतल्याचा संशय असला की पोलीसकेसच्या भीतीने घरचे गप्प बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते, आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी असे सांगितले आहे. रुग्णालय पोलिसांना कळवील, पण त्यामुळे उपचार अडत नाही. डॉक्टरांना काय घेतले, केव्हा घेतले, दारू होती का, हे खरे सांगावे. बरे झाल्यावर माणसाला टोचून बोलू नये. मन मोकळे करायला १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

या गोळ्यांच्या पाकिटावर लाल चौकट असते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या घ्यायच्या नाहीत. शेजाऱ्याची गोळी मागून आणू नये. वयस्कर माणसाच्या गोळ्या घरातल्या एकानेच मोजून द्याव्यात, आणि उरलेल्या फवारणीच्या डब्यासारख्याच कुलपात ठेवाव्यात.