आसव आणि आसवनी

शासकीय मराठीत ‘डिस्टिलरी’ला ‘आसवनी’ असा प्रतिशब्द रूढ आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या कागदपत्रांतून ‘आसवनी प्रकल्प’ हा शब्द आपण सर्वांनी वाचलेला आहे. वैद्याच्या कानाला मात्र तो खटकतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात धान्य, फळ, मूळ, सार, पुष्प, कांड, पत्र, त्वचा आणि शर्करा या नऊ योनींपासून होणारी चौऱ्याऐंशी आसवे गणली आहेत आणि ‘आसव’ ही संज्ञा त्यांच्या आसुत होण्यावरून, म्हणजे संधानावरून पडल्याचे सांगितले आहे. वाफ धरून ती थंड करण्याच्या क्रियेशी तिचा संबंध नाही. आसव पिंपात सिद्ध होते, तर आसवनीत तयार होते ते भट्टीवर. भाषेने या दोहोंना एका नावाखाली आणले असले, तरी कायद्याने त्यांना कटाक्षाने वेगळे ठेवले आहे. आमच्या या लेखाचा विषय हा वेगळेपणाच आहे.

विषय काढण्याचे कारण प्रत्यक्षातले आहे. भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड, हे दोन्ही तालुके उसाचे. न्हावऱ्याला घोडगंगा आणि पाटसला भीमा असे सहकारी साखर कारखाने येथे उभे राहिले. केडगाव-यवत भागात गुऱ्हाळांची वस्ती जुनी आहे. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. गूळ हाताशी, पाणी हाताशी, पुण्याची बाजारपेठ तासा-दीड तासावर. अशा ठिकाणी एखाद्या छोट्या औषधशाळेच्या मालकाला कोणी सुचवतो की, तुमच्याकडे आसवारिष्टांचा परवाना आहे, पिंपे आहेत, गाळणयंत्र आहे. त्यालाच जोडून थोडे मद्य गाळले तर? गोव्यात अलीकडे छोट्या प्रमाणावर जिन गाळणारे उद्योजक पुढे आले आहेत, पुण्यात २००९ पासून लहान प्रमाणावर बिअर बनवून विकली जाते. मग आपल्याकडे का नको? अशी पृच्छा आमच्यापर्यंत एकाहून अधिक वेळा आली आहे. तिचे उत्तर नकारार्थी आहे. पण नुसत्या नकाराने समाधान होत नाही, म्हणून कारणे सविस्तर देत आहोत.

महाराष्ट्रात मद्याविषयीचा मूळ कायदा म्हणजे १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम. आता त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे आहे. नावातच त्याची प्रकृती आली. अनेक राज्यांचे अबकारी कायदे ‘कर भरा आणि धंदा करा’ या धाटणीचे आहेत. आपला कायदा आधी सर्वस्वी बंदी घालतो आणि नंतर परवान्याच्या रूपाने अपवाद करतो. कलम १२ प्रमाणे मद्य तयार करणे, आसवनी बांधणे किंवा चालवणे, मद्य बाळगणे, विकणे किंवा विकत घेणे हे सारे निषिद्ध आहे. कलम १३ प्रमाणे मद्यनिर्मितीच्या हेतूने साहित्य, भट्टी अगर भांडी नुसती जवळ ठेवणे हेही निषिद्ध. म्हणजे थेंबभरही मद्य गाळलेले नसले, तरी भट्टी कशासाठी मांडली या प्रश्नाचे उत्तर मालकाला देता आले पाहिजे.

मग आपली आसवारिष्टे या बंदीतून सुटतात ती कशी? हा इतिहास प्रत्येक औषधशाळा-मालकास ठाऊक असावा असे आम्हास वाटते. मूळ कायद्याने औषधी आणि सौंदर्यप्रसाधनाच्या द्रव्यांतील मद्यार्कालाही बंदीत ओढले होते. मुंबईचे फ्राम नसरवानजी बलसारा यांनी त्यास आव्हान दिले. व्हिस्की-ब्रँडीपासून ओ-दि-कोलोनपर्यंत सर्व काही जवळ बाळगण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदीचे तत्त्व मान्य ठेवले. मात्र औषधी व प्रसाधनी द्रव्यांवरील बंदी ही अवाजवी बंधने ठरवून रद्द केली. त्यानंतर कायद्यात कलम २४-अ आणि ५९-अ आली. मद्य म्हणून पिण्यास अयोग्य असलेली औषधी द्रव्ये बंदीतून वगळली गेली, पण अटींवर. संधानाने मद्यार्क निर्माण होणाऱ्या द्रव्यांसाठीची अट अशी की, तो आकारमानाने १२ टक्क्यांहून अधिक नसावा. एखादे द्रव्य मद्य म्हणून पिण्याजोगे आहे किंवा कसे, याविषयी शासनास सल्ला देण्याकरिता कलम ६-अ खाली तज्ज्ञ मंडळाची तरतूद आहे. आपल्या कपाटातील द्राक्षासवाची बाटली या एवढ्याशा अपवादावर उभी आहे.

केंद्रीय बाजूनेही आकडा तोच येतो. १९६४ च्या दुरुस्तीने औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमात आयुर्वेदीय औषधांचे प्रकरण समाविष्ट झाले. त्याखालील नियम १६८ नुसार आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्यार्काची कमाल मर्यादा १२ टक्केच आहे, केंद्र शासनाने अन्यथा अधिसूचित केलेली द्रव्ये वगळून. त्या अपवादांत महाद्राक्षासव आणि मृतसंजीवनी सुरा यांना १६ टक्क्यांपर्यंत मुभा आहे; बाटलीचे आकारमान मात्र अनुक्रमे १२० आणि ३० मिलिलिटरच्या आत. कर्पूरासव, अहिफेनासव आणि मृगमदासव यांसारख्या, बाहेरून मद्यार्क घालावयाच्या कल्पांची बाटली १५ मिलिलिटरहून मोठी चालत नाही. येथे एक पेच आहे. केंद्राची मुभा १६ टक्क्यांची आणि राज्याच्या कलम ५९-अ मधील मर्यादा १२ ची. केंद्रीय नियमाचे पान पुढे करून राज्याच्या निरीक्षकाशी वाद घालण्यापेक्षा, हे दोन कल्प हाती घेण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून लेखी खुलासा घेणे शहाणपणाचे.

याहून मोठा पेच शेड्यूल ‘टी’मध्ये दडलेला आहे. उत्तम निर्मिती पद्धतीच्या या परिशिष्टात आसवारिष्टांसाठी २०० चौरस फूट आणि सुरेसाठी १०० चौरस फूट जागा सांगितली आहे, आणि साधनांच्या यादीत ऊर्ध्वपातन यंत्राचा उल्लेख स्पष्ट आहे. ‘छोटी डिस्टिलरी’ काढू पाहणारा हमखास बोट ठेवतो ते याच ओळीवर. यादीतील यंत्र हे त्या कल्पासाठी किमान साधन कोणते असावे एवढेच सांगते. ते बसवण्याचा मद्यविषयक परवाना त्यातून मिळत नाही. अन्न व औषध प्रशासनाचा २५-डी नमुन्यातील परवाना औषध बनवण्याचा आहे. कलम १२ व १३ मधील बंदी उठवण्याचा अधिकार त्या कार्यालयास नाही. ज्यांच्याकडे गुलाब, ओवा वगैरेंच्या अर्कासाठी अर्कयंत्र आहे, त्यांनी ते मंजूर आराखड्यात दाखवलेले असावे आणि प्रत्येक घाणीची नोंद वहीत असावी. कायदा हेतू पाहतो, आणि हेतूचा पुरावा वहीतूनच मिळतो.

आता पिंपाकडे वळू. शार्ङ्गधरांनी मान सांगितलेले नसेल तेथे एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दशमांश प्रक्षेप असा संकेत घालून दिला आहे. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीच्या मानाने हे १२.२८८ लिटर द्रवास ४.८ किलो गूळ आणि २.४ किलो मध होतात. एक टक्का मद्यार्कासाठी लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडते; म्हणजे १२ टक्क्यांसाठी सुमारे २०० ग्रॅम पुरे. वरील मानाने सिद्ध होणाऱ्या द्रवात ती ३०० ग्रॅमच्या वर जाते. द्रवद्वैगुण्याच्या नियमाने द्रव दुप्पट घेणाऱ्यांकडेही ती २०० च्या आसपास राहते. तात्पर्य, मर्यादा ओलांडण्याइतका गूळ आपल्या पिंपात मुळातच असतो. ती ओलांडली जात नाही याचे श्रेय धायटीच्या फुलांवरील मंद किण्वाला, द्रवाच्या घनतेला आणि वेळेवर संधान थांबवणाऱ्या वैद्याला. ज्यांनी घाईपायी मद्यनिर्मितीसाठी तयार केलेले जोमदार किण्व पिंपात घातले, त्यांनी स्वतःच्या हाताने औषधाला मद्याच्या हद्दीत ढकलले. दौंडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली संधान अनावर होते किंवा आंबून शुक्त होते, हेही अनुभवाचेच.

गुळाविषयी एक जाता जाता. हायड्रोस मारून पिवळाधमक केलेला गूळ आसवाला घेऊ नये. त्यातील गंधकाचे अंश किण्वाला मारक ठरतात, आणि मग संधान लागत नाही म्हणून वरून किण्व घालण्याचा मोह होतो. केडगावच्या गुऱ्हाळातून बिनरसायनाचा गूळ घ्यावा आणि एक वर्ष जुना करावा. काळा, चिघळलेला गूळ मात्र स्वस्त मिळाला तरी औषधशाळेच्या आवारात ठेवू नये. हातभट्टीसाठी काळा गूळ आणि नवसागर वापरतात हे पोलिसांना आपल्याहून अधिक ठाऊक आहे.

२०१७ नंतर आणखी एक गैरसमज पसरलेला दिसतो. औषधी व प्रसाधनी द्रव्यांवरील उत्पादन शुल्काचा १९५५ चा केंद्रीय कायदा १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर रद्द झाला. ‘एक्साइज संपले’ असे म्हणत अनेकांनी नोंदवह्या माळ्यावर टाकल्या. संपले ते शुल्क. दारूबंदी अधिनियमातील नियंत्रण आहे तसेच आहे, आणि शुद्ध मद्यार्क बाळगण्यास परवाना आजही लागतो. उलट २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ‘मादक मद्य’ या संज्ञेत औद्योगिक मद्यार्कही येतो असा निर्णय दिला. गैरवापर होऊ शकणाऱ्या मद्यार्कावर राज्यांची हुकमत त्याने अधिक रुंद झाली.

मग ज्याला खरोखरच गाळण्याचा उद्योग करावयाचा आहे, त्याने जावे कोठे? मद्यार्काचे ऊर्ध्वपातन आणि पेय मद्याची निर्मिती यांसाठी राज्याचे १९६६ चे नियम आहेत. देशी दारूसाठी १९७३ चे. २००१ चे द्राक्ष-वाइन धोरण आणि हॉटेलांना जोडून बिअर बनवण्याची सवलत या दोन्ही वाटा संधानाच्या आहेत, भट्टीच्या नव्हेत. त्यांच्या उदारतेवरून भट्टीविषयी अनुमान काढू नये. १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केलेला ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा वर्ग धान्याधारित मद्याचा आहे. गुऱ्हाळवाल्यास त्याचा उपयोग नाही. गोव्याचे उदाहरण द्यावयाचे तर तेरेखोलच्या पलीकडे काजूची भट्टी परवान्याने चालते, फेणीला २००९ साली भौगोलिक उपदर्शन मिळाले. अलीकडे सिंधुदुर्गात तेच बोंड गाळणे परवान्याविना गुन्हा ठरते. झाड तेच, फळ तेच, कायदा वेगळा. आमच्या मते आपल्या राज्यानेही शेतमालाच्या छोट्या भट्टीचा नीट विचार करावयास हरकत नाही. पण तो शेतकऱ्यांच्या संघटनांचा आणि विधिमंडळाचा प्रश्न आहे. आयुर्वेदाच्या परवान्याआडून तो सोडवता येणार नाही.

असे प्रयत्न कोणत्या थराला जातात हे गुजरातमध्ये दिसले. तेथेही हाच १९४९ चा मूळ कायदा आहे. नोव्हेंबर २०२३ अखेर खेडा जिल्ह्यात ‘काळमेघासव’ या नावाने विकले गेलेले द्रव पिऊन माणसे दगावली. तपासात त्यात मिथिल अल्कोहोल आढळले. संधानाशी त्या द्रवाचा काही संबंध नव्हता. उसना घेतला होता तो आपल्या शास्त्राचा शब्द. मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक बळी घेतले तेही मिथिल अल्कोहोलनेच, पण तेथे बाटलीवर औषधाचे नाव नव्हते. खेड्यात ते होते, आणि त्यानंतर ‘आसव’ लिहिलेल्या प्रत्येक बाटलीकडे संशयाने पाहिले जाणे ओघानेच आले. दशमूलारिष्टाची बाटली घेऊन जाणाऱ्या बाळंतिणीच्या नातेवाइकाला गावच्या नाक्यावर अडवले जाऊ नये, एवढेच आपल्याला हवे असेल तर त्याची तजवीज औषधशाळेतच झाली पाहिजे.

म्हणून शिरूर-दौंड भागातील सभासदांस आमची सूचना अशी. प्रत्येक घाणीचे मद्यार्कमान आणि मिथेनॉल नसल्याची चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावी व अहवाल घाणीच्या क्रमांकासह जपून ठेवावा. गूळ कोणत्या गुऱ्हाळाचा, किती किलो, संधान कोणत्या तिथीस लावले, कधी थांबवले, किती लिटर निघाले, याची वही शाईने लिहावी. किरकोळ विक्रेत्याने एकाच गिऱ्हाइकास एका वेळी पेटीभर बाटल्या देऊ नयेत. मागणी अशी आली तर चिकित्सकाचे पत्र मागावे. आणि भट्टीचा बेत घेऊन कोणी भागीदार दारी आलाच, तर त्याला १९६६ च्या नियमांची प्रत द्यावी, राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या पुणे कार्यालयाची वाट दाखवावी, आणि जागा, नाव, वीजजोडणी सर्व काही औषधशाळेच्या कुंपणाबाहेर ठेवण्यास सांगावे.