बोटांच्या बेचक्यातलं रान

पावसाळ्यात चिखल्या चिघळल्या की आपण त्वचारोगतज्ज्ञांकडे जातो. पायाच्या शेवटच्या दोन बोटांमधली कातडी पांढरी पडून सोललेली असते. डॉक्टर पात्याने तिथला पापुद्रा हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडतात आणि थोडं थांबतात. या द्रावणात कातडीच्या पेशी विरघळू लागतात, पण बुरशीच्या भिंती कायटिनच्या असल्यामुळे शाबूत राहतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली विरत चाललेल्या पेशींमधून आडवेतिडवे गेलेले चकाकते तंतू दिसतात. त्यांना फांद्या फुटलेल्या असतात आणि ठरावीक अंतरावर आडवे पडदे असतात. नखाएवढ्या पापुद्र्यात अख्खं रान माजलेलं असतं!

या रानाचा मालक बहुतेक वेळा एकच असतो, ट्रायकोफायटन रुब्रम. जगभर ज्याला ‘ॲथलीट्स फूट’ म्हणतात त्या दुखण्याचं हे सर्वांत मोठं कारण. या बुरशीचं अन्न आहे केराटिन, म्हणजे आपली नखं, केस आणि कातडीचा वरचा थर ज्याचा बनतो ते चिवट प्रथिन. केराटिनचे धागे गंधकाच्या बंधांनी एकमेकांशी घट्ट जखडलेले असतात. म्हणूनच गिळलेला केस आपल्या पोटात पचत नाही. ही बुरशी मात्र सल्फाइट बाहेर सोडून आधी ते बंध तोडते आणि मग सुट्या झालेल्या धाग्यांचे विकरांनी तुकडे करून खाते.

ती खाते तो थर मेलेला असतो, हे आणखी विलक्षण. कातडीच्या सर्वांत वर चपट्या, निर्जीव पेशी कौलांसारख्या एकमेकींवर रचलेल्या असतात. बुरशीचा मुक्काम तेवढ्यातच. खाली जिवंत कातडी सुरू झाली की रक्तद्रवातली प्रथिनं लोह आपल्याकडे बांधून ठेवतात, आणि लोहावाचून तिची वाढ अडते. वरून धोका वेगळाच असतो. हा थर रोज थोडाथोडा झडतो आणि महिन्याभरात जवळजवळ सगळा नवा होतो. म्हणजे बुरशीला झडण्याच्या वेगाहून जास्त वेगाने आत वाढावं लागतं. रुब्रमने यावरही उपाय शोधला आहे. तिच्या भिंतीतली मॅनन नावाची शर्करा आपल्या प्रतिकारशक्तीला मंदावते आणि कातडीचं नूतनीकरणही हळू करते. म्हणून कित्येकांच्या पायांत ती वर्षानुवर्षं, किरकोळ खाजेपलीकडे फारसं न जाणवता राहते.

पाय तिला इतके का मानवतात? तळव्यांना घामाच्या ग्रंथी भरपूर आहेत, पण तेलग्रंथी नाहीत. इतरत्र त्वचेच्या तेलातली आम्लं बुरशीला रोखतात, ती इथे नसतात. त्यात बूट आले की ऊब आणि ओल दोन्ही कोंडली जातात. आल्डो कास्टेलानी यांनी 1910 साली या बुरशीचं वर्णन केलं, तेव्हा ते कोलंबोत काम करत होते. आग्नेय आशिया आणि पश्चिम आफ्रिका हे तिचं जुनं घर मानलं जातं. तिथल्या अनवाणी माणसांच्या अंगावर ती गजकर्णासारखी दिसे, पायांवर क्वचितच. सैनिक, व्यापारी आणि प्रवासी यांच्याबरोबर ती युरोप-अमेरिकेत गेली आणि बूट घातलेल्या पायांत तिला नवं घर मिळालं. भातलावणीत दिवसभर चिखलात उभ्या असणाऱ्या बायांच्या पायांची कथाही ओलीचीच. पाण्याने कातडी आधी भिजून फुगते आणि मग बुरशीला, जिवाणूंना वाट मिळते.

जिवाणूंशी तिचं नातं तर थक्क करणारं आहे. पायावरच्या या बुरशी पेनिसिलिनसारखी द्रव्यं बनवू शकतात. त्यामुळे साधे जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात. पाय ओलाच राहिला तर हेच उरलेले जिवाणू बेचका ताब्यात घेतात. मग वास येतो, भेग पडते, ठणका लागतो. युरोपातल्या हेजहॉग या काटेरी प्राण्याच्या अंगावरही याच कुळातली एक बुरशी राहते. 2022 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानुसार, तिच्या पेनिसिलिनमुळे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे जिवाणू एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच, माणसाने प्रतिजैविकं वापरण्याच्या कितीतरी आधी, तयार झाले होते.

हे सगळं समजलं की उपचार आपोआप कळतो. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्यातून फडकं फिरवून ते कोरडे करावेत, मोजे रोज बदलावेत, भिजलेले बूट पुरते वाळेपर्यंत घालू नयेत. झडलेल्या पापुद्र्यात बुरशीचे बीजाणू महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून टॉवेल आणि मोजे गरम पाण्यात धुवावेत आणि कोणाच्या चपला घालू नयेत.

औषध बुरशीच्या एका वेगळेपणावर घाव घालतं. आपल्या पेशींच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल. टर्बिनाफिन हे एर्गोस्टेरॉल बनण्याच्या सुरुवातीच्या पायरीवरच अडथळा आणतं. मग पडदा कमकुवत होतो आणि साचलेला स्क्वालीन हा कच्चा माल बुरशीला मारतो. क्लोट्रिमाझोलसारखी औषधं पुढच्या पायरीवर अडवतात. टर्बिनाफिन कातडीच्या थरात मुरून राहतं, त्यामुळे बेचक्यातल्या साध्या चिखल्यांना ते मलम बहुधा एक-दोन आठवडे पुरतं. क्लोट्रिमाझोल सुमारे चार आठवडे लावावं लागतं. दिसणाऱ्या जागेच्या दोन बोटं पलीकडेही लावावं, कारण तंतू तिथवर गेलेले असतात. नखं जाड, पिवळी झाली असतील किंवा सगळा तळवा कोरडा, खवल्यांचा झाला असेल तर पोटात घेण्याच्या गोळ्या लागतात.

स्टेरॉइड मिसळलेलं मलम दुकानातून परस्पर आणू नये. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, आणि खाली बुरशी मोकाट पसरते. टर्बिनाफिनलाही बऱ्याचदा दाद न देणाऱ्या ट्रायकोफायटन इंडोटिनिया या बुरशीला 2020 साली नाव मिळालं, ते भारतीय आणि नेपाळी रुग्णांवरून. ती जास्त करून जांघेत आणि अंगावर दिसते, आणि तिच्या फैलावाला अशा मलमांचा बेफाम वापर कारणीभूत असावा, असं अनेक तज्ज्ञ मानतात.

मधुमेह असणाऱ्यांनी बोटांमधली साधी भेगही लगेच दाखवावी. त्याच वाटेने जिवाणू आत शिरून पाय लाल होतो, सुजतो, ताप येतो, आणि ते दुखणं गंभीर असतं. इतरांनी एवढं पक्कं धरावं: खाज थांबते तेव्हा बुरशीचे तंतू अजून मेलेल्या थरात शिल्लक असतात. त्यामुळे पाय बरा वाटला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत मलम लावत राहायचं.