हरिकेन येतंय: थांबायचं की निघायचं?

आजचा भाग ह्यूस्टन, टॅम्पा, न्यू ऑर्लिन्स या गल्फ कोस्टच्या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी. आणि इकडून त्यांना सारखं "काय रे, सगळं ठीक ना?" विचारणाऱ्या घरच्यांसाठीसुद्धा.

जून ते नोव्हेंबर हा तिकडचा हरिकेनचा सीझन. वादळ आलं की नॅशनल हरिकेन सेंटर दर सहा तासांनी नवा अंदाज देतं आणि सगळ्यांच्या फोनवर तो पांढरा, आइस्क्रीमच्या कोनासारखा नकाशा फिरायला लागतो. लोक काय करतात? आपलं गाव मधल्या रेषेपासून लांब दिसलं की निवांत होतात. इथेच घोळ आहे. तो कोन म्हणजे एरर बँड. गेल्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले त्यावरून तो काढतात आणि त्यात फक्त वादळाचं केंद्र कुठे जाईल एवढंच असतं. तेही साधारण तीनपैकी दोन वेळा. पाणी कुठे शिरेल, हे त्यात नसतंच.

2022 चं इयन आठवा. आधी सगळ्यांची नजर टॅम्पावर होती. फोर्ट मायर्स ज्या ली काउंटीत आहे, ती कोनाच्या दक्षिण कडेजवळ. टॅम्पाच्या बाजूला 26 सप्टेंबरलाच घरं सोडायचे आदेश निघाले, ली काउंटीत 27 च्या सकाळी. आणि 28 ला दुपारी इयन टॅम्पाच्या सुमारे 140 किलोमीटर दक्षिणेला, कायो कोस्टा बेटावर धडकलं. वारा ताशी 240 किलोमीटर. फोर्ट मायर्स बीचवर पाणी जमिनीपासून 10 ते 15 फूट चढलं. त्याच दिवशी टॅम्पा बेमध्ये उलटंच झालं, पाणी मागे हटून तळ उघडा पडला!

असं का? आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. त्यामुळे केंद्राच्या एका बाजूला वारा समुद्राचं पाणी किनाऱ्यावर ढकलतो, दुसऱ्या बाजूला बाहेर ओढतो. त्यात फ्लोरिडाच्या पश्चिमेला समुद्र लांबवर उथळ आहे. ढकललेल्या पाण्याला खाली जायला जागाच नाही, मग ते घरात येतं. यालाच स्टॉर्म सर्ज म्हणतात. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, हे लक्षात ठेवा.

कॅटेगरीच्या आकड्यावरही जाऊ नका. तो फक्त वाऱ्याचा वेग सांगतो. 2005 चं कॅटरिना किनाऱ्यावर आलं तेव्हा कॅटेगरी 3 होतं, तरी मिसिसिपीत पास ख्रिश्चनला पाणी जवळजवळ 28 फूट चढलं.

मग सगळ्यांनीच गाडी काढून पळावं का? अजिबात नाही. कॅटरिनानंतर महिन्याभरातच रिटा आलं. घाबरून ह्यूस्टन परिसरातून लाखो लोक एकदम निघाले. हायवेवर तासन् तास ट्रॅफिक, वरून ऊन, पेट्रोल संपलेलं. वृद्धांना नेणारी एक बस डॅलसजवळ पेटली आणि 23 जण गेले. रिटाच्या बळींपैकी बहुतेक जण या पळापळीतच गेले. ज्यांना निघायची गरज नव्हती, त्यांनी गरज असलेल्यांचा रस्ता अडवला, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून आजच आपल्या काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून इव्हॅक्युएशन झोन बघा. फ्लोरिडात ए, बी, सी असे झोन असतात आणि ते पाणी कुठवर चढू शकतं त्यावरून ठरतात. तुमच्या झोनला आदेश आला की निघा. शेकडो मैल जायची गरज नसते, उंचावरच्या मित्राचं घरही चालतं. झोनमध्ये नसाल आणि घर पक्कं असेल तर थांबा. मोबाइल होमवाल्यांनी मात्र झोन काहीही असो, निघायचंच.

थांबणाऱ्यांनी पेट्रोल आधीच भरा. थोडी कॅश ठेवा, कारण लाइट गेले की कार्ड मशीन बंद. बाथटब भरून ठेवा, फ्लशला कामी येतो. वारा वाढला की खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत बसा. मध्येच सगळं शांत झालं तर ते बहुधा वादळाचा डोळा वरून जातोय. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने येतो, बाहेर पडू नका. आणि जनरेटर घरात, गॅरेजमध्ये कधीच चालवायचा नाही, घरापासून किमान 20 फूट लांब. 2020 मध्ये लॉरा येऊन गेल्यावर लुईझियानात कार्बन मोनॉक्साइडने माणसं मेली, वादळातून सुखरूप वाचलेली.